मेमरी टेस्ट कोणत्या भाषेत? गोव्यातल्या एचआयव्ही रुग्णांच्या चाचणीसाठी मार्गदर्शक

सत्तरी तालुक्यातल्या पन्नाशीच्या एखाद्या बाईला विचारा, घरी कोणती भाषा बोलता? ती कोकणी म्हणेल, नाहीतर "आमची अशीच मिसळ" म्हणेल. शाळा चौथीपर्यंत, मराठीतून. वर्तमानपत्र मराठी, आरत्या मराठी, पोथी मराठी. फोन नंबर सांगताना मात्र 'नाइन, एट, टू' असे इंग्रजी आकडे, आणि बाजारात हिशेब करताना पाढे पुन्हा मराठीत. समोर बाहेरून आलेला डॉक्टर असला की मोडकंतोडकं हिंदी. या बाईला एचआयव्ही आहे, गोळ्या वेळेवर चालू आहेत, आणि हल्ली "डोक्यात काही राहत नाही" अशी तक्रार घेऊन ती आली आहे. तिची चाचणी कोणत्या भाषेत घ्याल?

नोंदीच्या कागदावर मातृभाषेला सहसा एकच रकाना असतो. गोव्यात तो पुरत नाही. घरची बोली, शाळेची भाषा आणि आकड्यांची भाषा या इथे बऱ्याचदा तीन वेगळ्या गोष्टी असतात. त्या न विचारता घेतलेल्या चाचणीचे गुण मेंदूबद्दल काय सांगतात आणि भाषेबद्दल काय, हे मागाहून वेगळं करता येत नाही. हा लेख मुख्यतः काउन्सेलर, मानसशास्त्रज्ञ आणि निवासी डॉक्टरांसाठी आहे. रुग्णाच्या घरच्यांसाठीही शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

पायरी १: चाचणी नेमकं काय मोजते ते आधी समजून घ्या

संसर्ग झाल्यावर विषाणू फार लवकर मेंदूपर्यंत पोचतो. तो न्यूरॉनमध्ये मुक्काम करत नाही. मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशींत तो राहतो आणि त्यातून होणारा दाह न्यूरॉनना इजा करतो. म्हणून पहिला फटका बसतो तो विचाराच्या वेगाला, लक्ष टिकवण्याला, एका कामातून दुसऱ्यात वळण्याला, नवीन गोष्ट शिकून ती आठवण्याला आणि बोटांच्या चपळाईला. एआरटीमुळे, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचारामुळे, पूर्वीसारखा तीव्र स्मृतिभ्रंश आता क्वचित दिसतो. सौम्य अडचणी मात्र राहिल्या आहेत.

या अडचणींचं वर्गीकरण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'फ्रास्काटी निकषां'नी होत आलं. किमान पाच क्षेत्रं तपासायची. वय आणि शिक्षण लक्षात घेऊन त्यातल्या दोन क्षेत्रांत सरासरीपेक्षा एक प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) खाली गुण आले तर दोष आहे असं धरायचं. रोजच्या जगण्यात अडचण नसेल तर 'लक्षणरहित', थोडी असेल तर 'सौम्य', आणि गुण दोन विचलनं खाली जाऊन जगणं कोलमडलं असेल तर 'डिमेन्शिया'. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'चार्टर' अभ्यासात १,५५५ जणांपैकी ५२ टक्के लोकांत या ना त्या स्वरूपाचा दोष आढळला. त्यातला मोठा हिस्सा लक्षणरहित गटातला होता.

भाषेचा धोका सर्वात जास्त आहे तो याच गटात. इथे रुग्णाची तक्रार नसते, घरच्यांची नसते, निदान उभं असतं ते केवळ गुणांवर. गुण चुकीच्या भाषेत घेतले असतील तर त्या निदानाखाली काहीच उरत नाही. शिवाय एक विचलन खाली ही रेघच अशी आहे की कोणत्याही एका चाचणीत पूर्ण निरोगी लोकांपैकी सुमारे १६ टक्के तिच्या खाली पडतात. २०२३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने हा सगळा ढाचाच बदलण्याची शिफारस केली: कमी गुण म्हणजे दोष नव्हे, रुग्णाचा इतिहास, लक्षणं आणि परिस्थिती जोडल्याशिवाय लेबल लावू नका. माझ्या मते गोव्यासारख्या ठिकाणी हे फार आधी व्हायला हवं होतं.

पायरी २: भाषेचा इतिहास घ्या, दहा मिनिटं लागतात

"तुमची भाषा कोणती?" हा प्रश्न विचारू नका. गोव्यात या प्रश्नाला राजकारणाचा वास आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान मिळालं, पण वाद संपला नाही. माणूस उत्तर देताना आपली बाजू सांगतो, सवय सांगत नाही. त्याऐवजी असं विचारा: आईशी काय बोलायचात? मुलांशी काय बोलता? रागावलात की तोंडात काय येतं? कामावर दिवसभर काय चालतं?

मग शाळा. फक्त "कितवी" एवढं लिहून थांबू नका, माध्यम लिहा आणि ते कधी बदललं तेही लिहा. इथे वयावरून बराच अंदाज येतो. १९६१ पूर्वी शाळेत गेलेल्यांपैकी काहींचं शिक्षण पोर्तुगीजमधून झालं, काहींचं गावच्या मराठी शाळेत. मुक्तीनंतरच्या पहिल्या दोन दशकांत गावोगावी सरकारी मराठी शाळा उघडल्या. १९९० नंतर प्राथमिक शाळांचं अनुदान प्रादेशिक भाषांना मिळालं, त्यामुळे आज तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांनी चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी असा प्रवास केला आहे. अशा माणसाच्या दहा वर्षांच्या शिक्षणाची तुलना एकाच माध्यमातल्या दहा वर्षांशी डोळे झाकून करता येत नाही.

लिपी वेगळी विचारा. कोकणी बोलणारा ख्रिस्ती माणूस ती रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, वाचत असेल आणि देवनागरी त्याला अडखळत येत असेल. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत उलट चित्र: बोलणं कोकणी, वाचणं मराठी. अशा माणसाला कोकणी छापील परिच्छेद दिला तर तो मराठीपेक्षा हळू वाचेल, आणि तो मंदपणा आजाराचा नसेल.

आकड्यांसाठी सोपी युक्ती आहे. फोन नंबर विचारा आणि तो कोणत्या भाषेत बाहेर पडतो ते ऐका. मग "सतरा आणि आठ किती, मोठ्याने बोलत करा" म्हणा. बऱ्याचदा दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या भाषांत येतात: आकडे म्हणून दाखवायला इंग्रजी, हिशेबाला मराठी. दोन्ही टिपून ठेवा, पुढच्या पायरीत लागतील.

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला सिंधुदुर्गातूनही खूप रुग्ण येतात. सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळकडचा माणूस कागदावर 'मराठी' असतो, घरी मालवणी बोलतो. त्याला पुण्याची पुस्तकी सूचना कळते, पण उत्तर तो मालवणीतच देणार. ते मान्य करा.

पायरी ३: चाचणी भागाभागाने तपासा

आपल्या हाताशी तयार साधनं किती? बेंगळुरूच्या निम्हान्सची २००४ ची बॅटरी (चाचण्यांचा संच) आहे, तिला वय आणि शिक्षणानुसार भारतीय प्रमाणकं, म्हणजे तुलनेसाठीचे गुण, आहेत. आयसीएमआरने बनवलेला न्यूरोकॉग्निटिव्ह टूलबॉक्स सुरुवातीला हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत आला. त्यात मराठी नव्हती, कोकणीही नव्हती. पुण्यात एचआयव्ही रुग्णांच्या बौद्धिक चाचण्यांवर काम झालं आहे, आणि मराठी-हिंदी द्वैभाषिकतेचा चाचणीवर होणारा परिणाम तपासणारं तिथलं संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झालं. गोव्यातल्या मराठी-कोकणी माणसाला त्यातलं काहीच जसंच्या तसं बसत नाही. म्हणून प्रत्येक भागाला विचारायचं: यात भाषा कुठे लपली आहे?

*आयएचडीएस (इंटरनॅशनल एचआयव्ही डिमेन्शिया स्केल).* एचआयव्हीसाठी सर्वात सोपी चाळणी हीच. २००५ साली अमेरिका आणि युगांडात तपासलेली, एकूण १२ गुण, १० किंवा कमी आले तर पुढची तपासणी. बोटं आपटण्याचा वेग, हाताच्या हालचालींचा क्रम आणि चार शब्दांची आठवण, बस. तीनपैकी दोन भाग हातांचे, म्हणून भाषेचा भार कमी. पण शब्द बघा. मूळ यादीतला रंग 'लाल' करून दिला आणि रुग्णाने आठवताना 'तांबडा' सांगितलं तर? 'कुत्रा' दिला आणि कोकणी 'सुणें' परत आलं तर? अर्थ लक्षात राहिला आहे, फक्त भाषा बदलली. मी याला आठवण धरते आणि शेजारी खूण करते. तुम्ही दुसरं काही ठरवाल, पण पहिल्या रुग्णाआधी ठरवा आणि सगळ्यांना तेच लावा. ही चाळणी आहे हेही विसरू नका. निरोगी माणसांनाही ती बऱ्यापैकी संख्येने अडकवते.

*मोका (मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट).* ३० गुणांची. मूळ आवृत्तीत २६ ची रेघ आणि १२ वर्षं किंवा कमी शिक्षणाला एक गुण जास्त. चौथी शिकलेल्या माणसाला तो एक गुण अगदीच तुटपुंजा आहे. १०० मधून सात-सात वजा करण्याचा भाग घ्या. इंग्रजीत ७९ म्हणजे सत्तर आणि नऊ, सरळ. मराठीत 'एकोणऐंशी', म्हणजे ऐंशीला एक कमी. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट: ही मालिका म्हणताना प्रत्येक शब्द वेगळा आठवावा लागतो, आणि पाचवीपासून इंग्रजीतून गणित केलेल्या गोवेकराची इथे हमखास गल्लत होते. वजाबाकी बरोबर, शब्द चुकला. उत्तर लिहून दाखवायला सांगा, लगेच कळतं. लेखी उत्तराची नोंद वेगळी ठेवा, मूळ गुणात मिसळू नका.

*अक्षरावरून शब्द.* इंग्रजीत 'एफ'वरून एका मिनिटात शब्द विचारतात. 'एफ'चा 'फ' करून मोकळे होणारे भाषांतरकार मी पाहिले आहेत. मराठीत 'फ'ने सुरू होणारे शब्द मोजकेच. 'क', 'प', 'स' यांचा साठा मोठा. शिवाय 'क' सांगितल्यावर 'किल्ली' आणि 'कुलूप' चालतील की फक्त 'कमळ'? बाराखडीत शिकलेल्या माणसाला हा खरा प्रश्न पडतो, इंग्रजीवाल्याला पडतच नाही. सूचनेतच सांगा की काना-मात्रा कोणतीही चालेल. निरक्षर माणसाला हा भाग देऊच नका.

*प्रकारावरून शब्द.* प्राणी, भाज्या, मासे. गोव्यात मासे विचारायला मला आवडतं, कारण इथे हिंदू-ख्रिस्ती, शिकलेला-न शिकलेला, सगळ्यांकडे साठा असतो (कट्टर शाकाहारी घर सोडून, तिथे भाज्या विचारा). पण दोन भाषांच्या माणसाला दोन नावं माहीत असतात. इसवण आणि सुरमई एकच मासा. म्हणून दोन आकडे लिहा: एकूण शब्द किती, आणि वेगळे मासे किती. गुणासाठी दुसरा आकडा धरा. आणि भाषा बदलली म्हणून थांबवू नका. दोन भाषा वापरणारे लोक एकाच भाषेत बांधून घातले तर या भागात कमी शब्द देतात, हे जगभर अनेक भाषाजोड्यांत दिसलं आहे.

*ट्रेल मेकिंग.* १-ए-२-बी असा मार्ग जोडायचा. 'ए-बी-सी' ऐवजी 'क-ख-ग' घातलं की झालं, असं वाटतं. पण 'ठ' नंतर काय, हे सांगायला चांगला शिकलेला मराठी माणूसही मनात ट-ठ-ड म्हणून बघतो. इंग्रजी मुळाक्षरांसारखी ती ओळ जिभेवर नसते. इथे कलर ट्रेल्स वापरा: अक्षरांऐवजी गुलाबी आणि पिवळी वर्तुळं आलटूनपालटून जोडायची. आकडे ओळखता आले की पुरे.

*आकड्यांची माळ.* ऐकून तशीच किंवा उलटी म्हणायची. ज्या भाषेतले आकडे उच्चारायला लांब, त्या भाषेत माळ छोटी राहते. हे १९७०-८० च्या दशकांतल्या प्रयोगांपासून माहीत आहे. मराठी आणि कोकणीत एक ते नऊ आखूडच आहेत, त्यामुळे दोघांत फारसा फरक पडू नये. खरी अडचण वेगळी: तुम्ही मराठीत आकडे म्हणता आणि रुग्ण मनात ते इंग्रजीत वळवून उलटे करतो. इथे फोन नंबरची भाषा वापरा.

*स्ट्रूप (रंगाचं नाव दुसऱ्याच रंगात छापलेलं, शाईचा रंग सांगायचा), वाचनाचा वेग लागणारे सगळे भाग.* रुग्ण ज्या लिपीत रोज वाचतो तीच. रोज काहीच वाचत नसेल तर भाग वगळा.

*पेगबोर्ड (भोकांत खुंट्या बसवायच्या), बोटांचे भाग.* भाषा फक्त सूचनेपुरती. करून दाखवा आणि पुढे चला.

यादी शिकून आठवण्याच्या चाचण्यांत एक गोष्ट पाहा: शब्द रुग्णाच्या जगातले आहेत का? काही इंग्रजी याद्यांत रत्नांची नावं असतात. वाळपईच्या काजूच्या बागेत काम करणाऱ्या माणसाला ती नावं आठवत नाहीत याचं आश्चर्य वाटायला नको.

पायरी ४: दुभाषी लागला तर

शक्यतो लागू देऊ नका. रुग्णाची भाषा बोलणारा परीक्षक मिळेपर्यंत तारीख पुढे ढकलली तरी बिघडत नाही. लागलाच तर मुलगा, सून, शेजारी नको. गोवा छोटा आहे, वाड्यावरचं नातं कुठे निघेल सांगता येत नाही. इथे गुप्ततेला इतिहासही आहे: १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला केवळ एचआयव्ही आढळला म्हणून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवलं होतं. आज २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, आणि संमतीशिवाय कोणाचीही स्थिती उघड करायला त्याने मनाई केली आहे. दुभाष्याला आत घेण्याआधी रुग्णाची संमती लेखी घ्या.

दुभाष्याला आधी अर्धा तास बसवून तीन गोष्टी सांगा. सूचना शब्दशः, एकदाच. रुग्ण जे बोलेल ते सगळं, चुकलेलंही, जसंच्या तसं. आणि मान डोलावायची नाही. मदत करण्याची आपली सवय इतकी मुरलेली असते की शब्द आठवत नसलेल्या माणसाला पहिलं अक्षर पुटपुटून दिलं जातंच.

पायरी ५: चाचणीच्या दिवशी

चष्मा, कान, झोप, जेवण. औषध कधी घेतलं. एफाविरेन्झ हे एचआयव्हीचं औषध घेणाऱ्यांना चक्कर आणि विचित्र स्वप्नं पडत. आता डोलुटेग्राव्हिर आलं तरी काहींची झोप उडते. दोन महिन्यांपूर्वी औषध बदललं असेल तर लिहा.

ठरवलेली भाषा सुरुवातीला सांगा: "आकडे आपण इंग्रजीत घेऊ, बाकी मराठी-कोकणीत, तुम्हाला जे येईल ते बोला." एवढं ऐकूनच खांदे सैल पडतात. अनेकांना वाटतं की दवाखान्यात शुद्धच बोलावं लागतं. मग ते बोलतात कमी आणि गुण पडतात. वेळ लावलेल्या भागात मात्र मध्येच भाषा बदलून समजावू नका. सराव फेरीत हवं तितकं समजवा, घड्याळ सुरू झालं की गप्प.

पायरी ६: गुण कोणाशी ताडायचे

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि ते आकडेमोडीत लपतं. समजा (आकडे फक्त हिशेबापुरते) बाईंनी एका मिनिटात १३ शब्द दिले. परदेशी तक्त्यात सरासरी २०, प्रमाण विचलन ५. १३ वजा २० म्हणजे उणे ७, भागिले ५, म्हणजे १.४ विचलनं खाली: 'दोष'. तिच्याच वयाच्या, तिच्याइतक्या शिकलेल्या, तशाच दोन भाषा बोलणाऱ्या एचआयव्ही नसलेल्या बायकांची सरासरी १५ आणि विचलन ४ असेल, तर ती फक्त अर्धं विचलन खाली: नेहमीचीच बाई. शब्द तेच १३.

म्हणून स्थानिक गट नसेल तर परदेशी तक्त्याने निदान लिहू नका. निम्हान्सची शिक्षणानुसारची प्रमाणकं त्यातल्या त्यात जवळची, पण तीही 'साधारण तुलना' म्हणून. तुमच्या सेंटरला जमत असेल तर रुग्णांसोबत येणाऱ्या, एचआयव्ही नसलेल्या तालुक्यातल्याच लोकांचे गुण संमतीने, नाव न लिहिता गोळा करायला लागा. काही डझन लोकही परक्या तक्त्यापेक्षा जास्त सांगून जातात.

भाषेने कमी ओझं असलेल्या भागांतही गुण खाली आहेत का, हे पाहा. पेगबोर्ड, कलर ट्रेल्स, बोटांचा वेग खाली असेल आणि शब्दांचे भागही खाली असतील तर काळजीचं कारण आहे. फक्त शब्दांचे भाग खाली आणि हात चपळ, तर आधी भाषेकडे बघा. एचआयव्हीचा ठसा वेगावर आणि हातांवर दिसतो, त्यामुळे ही तुलना उपयोगी पडते. पूर्ण भरवसा मात्र ठेवू नका. चौथी शिकलेल्या माणसाला पेन्सिलच परकी असते.

पायरी ७: बाकीची कारणं

नैराश्य, दारू, बी-१२, थायरॉइड, सिफिलिस, जुनी डोक्याची इजा. डोकेदुखी, ताप, झटके, एका बाजूचा अशक्तपणा असं काही असेल तर चाचणी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. क्रिप्टोकोकल मेनिंजायटिस किंवा टॉक्सोप्लाझ्मोसिस अशा मेंदूच्या संसर्गांत मेमरी टेस्टला वेळ नसतो.

घरच्यांसाठी

तुमच्या माणसाची अशी चाचणी ठरली असेल तर आधीच सांगा: घरी काय बोलतो, काय वाचतो, हिशेब कशात करतो. हिंदी किंवा इंग्रजीत चाचणी सुरू झाली आणि त्याला कळत नसेल तर थांबवायला सांगण्याचा हक्क आहे. त्याची तुलना त्याच्या पूर्वीच्या रूपाशी करून ठेवा: गोळ्या चुकतात का, बसचे सुटे पैसे मोजताना गोंधळतो का, जेवणात तेच मीठ दोनदा पडतं का. ही माहिती कोणत्याही तक्त्यापेक्षा मोलाची आहे. प्रश्न असेल तर राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन १०९७ आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

पायरी ८: अहवाल आणि पुढची तारीख

'मोका २१' एवढंच लिहिलेला अहवाल पुढच्या डॉक्टरला दिशाभूल करतो. असं लिहा: "घरी कोकणी, शिक्षण मराठी माध्यमातून चौथी, वाचन देवनागरीत. आकड्यांचे भाग इंग्रजीत, बाकी भाग मराठी-कोकणीत घेतले. अक्षरावरून शब्द वगळले. दुभाषी नाही. तुलना निम्हान्स प्रमाणकांशी, साधारण. हातांचे भाग वयाच्या मानाने ठीक, शब्दांचे भाग किंचित कमी. दोषाचं निदान केलेलं नाही."

पुढची चाचणी सहा महिने ते वर्षाने ठेवा, तीच भाषा, शक्यतो तोच परीक्षक, यादीची पर्यायी आवृत्ती. दुसऱ्यांदा सरावाने गुण थोडे वाढणं साहजिक आहे. वाढले नाहीत किंवा घसरले तर त्याला अर्थ आहे. पहिल्या वेळी भाषा लिहून ठेवली असेल तरच ही तुलना करता येते, म्हणून ती ओळ केस पेपरच्या पहिल्या पानावर, औषधांच्या नोंदीशेजारी लिहा.